'आम्हालासुद्धा दिसत नाही मॅडम' असं सांगून नोट्स वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांपासून सावध रहा

थेरपी किंवा कौन्सेलिंग करणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा, थेरपी घेणाऱ्यांनीही वाचा. क्लायंटच्या नोट्स सुरक्षित ठेवायच्या म्हणून जे सॉफ्टवेअर आम्ही घेतलं त्याच कंपनीने आमची फसवणूक केलीय, माझी तर झालीच पण माझ्यापेक्षा जास्त माझ्या क्लायंट्सची झाली. कंपनीचं नाव देत नाहीये कारण तक्रार चालू आहे आणि वकिलांनी तसं सांगितलंय. पण ही पद्धत काही एकाच कंपनीची नाही, त्यामुळे नावापेक्षा पद्धत ओळखता येणं जास्त महत्त्वाचं आहे.

तर झालं असं की माझी छोटीशी प्रॅक्टिस आहे, अपॉइंटमेंट, बिलं, सेशन नोट्स, पहिल्या भेटीचा फॉर्म सगळं एका जागी राहावं म्हणून सॉफ्टवेअर शोधत होते. या कंपनीच्या माणसाने डेमो दिला, एकदम नम्र, गोड बोलणारा. मी त्याला पहिलाच प्रश्न विचारला होता की नोट्स कोण वाचू शकतं. तो म्हणाला, 'मॅडम, एंड टू एंड एन्क्रिप्शन आहे, आम्हालासुद्धा दिसत नाही, तुम्ही सोडून जगात कोणीच वाचू शकत नाही.' मी म्हटलं हे मला लिहून द्या. त्याने ईमेलवर लिहून दिलं, जसंच्या तसं. शिवाय वेबसाइटवर खाली हिपा (आरोग्याच्या माहितीच्या गोपनीयतेचा अमेरिकन कायदा) सर्टिफाइडचा निळा शिक्का, कुलपाचं चित्र, सगळा थाट. एखादी थेरपिस्ट यापेक्षा जास्त काय विचारणार सांगा.

बरेच महिने सगळं नीट चाललं. मग एकदा कॅलेंडरमध्ये गडबड झाली, एकाच वेळेला दोन सेशन दिसायला लागली म्हणून मी सपोर्टला फोन केला. फोनवरचा मुलगा चांगला होता, मदत करायची खरंच इच्छा होती त्याची, आणि त्या नादात तो सहज बोलून गेला की मॅडम ती अमुक अमुक झालेली क्लायंट आहे ना, तिचीच एन्ट्री डबल झालीय. ते अमुक अमुक काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, ती गोष्ट त्या क्लायंटची आहे. पण ती कॅलेंडरमध्ये कुठेच नव्हती, बिलात नव्हती, फॉर्ममध्ये पण नव्हती. ती फक्त आणि फक्त माझ्या सेशन नोटमध्ये होती, तिसऱ्या ओळीत, आणि तिने ती माझ्याआधी कोणालाच सांगितलेली नव्हती. आणि एक अनोळखी मुलगा मला ती फोनवर सांगत होता, कॅलेंडर दुरुस्त करता करता.

मी विचारलं तुम्हाला हे कुठे दिसलं. तो म्हणाला स्क्रीनवर आहे ना मॅडम, पूर्ण प्रोफाइल उघडते आमच्याकडे. मी त्या मुलाला दोष देत नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं की हे वाचायचं नसतं. दोष त्यांचा ज्यांनी 'आम्हालासुद्धा दिसत नाही' हे लिहून दिलं आणि आत प्रत्येक सपोर्टवाल्याच्या स्क्रीनवर नोट उघडी ठेवली.

आता यातलं तंत्र सांगते, मी नंतर माहितगार लोकांकडून समजून घेतलं. आपल्या कॉम्प्युटरपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाताना माहिती एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात असते, ते आजकाल जवळपास सगळीकडे असतंच, त्यात विशेष काही नाही. सर्व्हरवर साठवताना पण एन्क्रिप्ट करतात, पण ती किल्ली कंपनीकडे असते म्हणजे कंपनीला वाटलं की उघडता येतं. खरं एंड टू एंड तेव्हाच जेव्हा किल्ली फक्त आपल्याकडे असते. घरमालकाने दाराला भारी कुलूप लावून दिलं आणि दुसरी किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली तर त्या कुलपाचा त्याच्यापासून काय उपयोग, तसंच हे.

हे तपासायची एक सोपी युक्ती आहे, आजच करून बघा. पासवर्ड विसरलो म्हणून नवीन मागा. कंपनीने ईमेलवर लिंक पाठवली, तुम्ही नवा पासवर्ड टाकला आणि जुन्या सगळ्या नोट्स जशाच्या तशा दिसल्या, वेगळी रिकव्हरी की वगैरे काहीही न मागता, तर समजून जा की किल्ली त्यांच्याकडे आहे. तसंच त्यांचा सर्व्हर तुमच्या नोट्सचा सारांश आपोआप काढून देत असेल तर साधी गोष्ट आहे, सर्व्हरला नोट वाचता येते म्हणूनच सारांश निघतो. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही होतं. आणि तरी तो माणूस डेमोमध्ये इतक्या खात्रीने बोलत होता.

मी कंपनीला लेखी विचारलं की माझ्या क्लायंट्सच्या फाईली आजवर कोणी कोणी उघडल्या, कधी उघडल्या, ती लॉगची नोंद द्या. आधी उत्तर आलं की फक्त सिनियर लोकांनाच ॲक्सेस असतो. मी म्हटलं फोनवरचा मुलगा सिनियर होता का. मग उत्तर आलं की अंतर्गत माहिती देता येत नाही. मग उत्तरच येईना. कोणी फाईल उघडली याची नोंद ठेवणं आणि मागितल्यावर दाखवणं ही आरोग्याच्या रेकॉर्डमधली अगदी मूळ गोष्ट आहे, जी कंपनी ती देत नाही तिच्याकडे एकतर नोंद नाही किंवा दाखवण्यासारखी नाही, दोन्ही तितकंच वाईट.

त्या निळ्या शिक्क्याचं पण ऐका. हिपा हा अमेरिकेचा १९९६ चा कायदा आहे, आणि तिथलं सरकार कोणत्याही सॉफ्टवेअरला हिपाचं सर्टिफिकेट देत नाही, खाजगी संस्थांनी दिलेल्या सर्टिफिकेटला मान्यताही देत नाही. म्हणजे हा शिक्का कोणीही बनवून लावू शकतं. तो बघून तुम्ही निर्धास्त होत असाल तर होऊ नका, त्याऐवजी कंपनी लेखी करार करते का बघा, त्यात माहिती कशासाठी वापरणार, कोणाला देणार, फुटली तर किती वेळात कळवणार हे असलं पाहिजे. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षणाच्या कायद्यात आरोग्याची माहिती वेगळ्या, जास्त जपायच्या वर्गात आहे आणि डेटा फुटल्याचं कळल्यापासून साधारण ७२ तासांच्या आत नियामकाला कळवावं लागतं. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. कायदे आहेत हो, पण सॉफ्टवेअरवाला तुमच्यासमोर बसून धडधडीत खोटं बोलतो तेव्हा कायदा तिथे नसतो.

यानंतर एका माहितगार मैत्रिणीला मी म्हटलं की हे सगळंच तपासून दे. तिने आमच्या पहिल्या भेटीचा ऑनलाइन फॉर्म उघडला आणि ब्राउझरमध्ये ती एक खिडकी असते ना ज्यात पान कुठे कुठे माहिती पाठवतंय ते दिसतं, ती उघडली. पान लोड होताना एका जाहिरात कंपनीच्या सर्व्हरकडे ओळी धडाधड जायला लागल्या. त्यात पानाचा पत्ता होता आणि त्या पत्त्यातच इंग्रजीत 'डिप्रेशन' आणि 'इंटेक' हे शब्द होते. म्हणजे क्लायंटने अजून एक अक्षरही टाईप केलं नव्हतं आणि तो नैराश्यासाठी मदत शोधतोय हे तिसऱ्याच कोणाला कळलं होतं! अशी माहिती गुपचूप बाहेर पाठवणाऱ्या कोडला ट्रॅकर म्हणतात. हा ट्रॅकर मी लावला नव्हता, सॉफ्टवेअरने दिलेल्या फॉर्ममध्ये तो आधीपासून होता आणि डेमोमध्ये त्याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता.

हे फक्त छोट्या कंपन्या करतात असं समजू नका. अमेरिकेत बेटरहेल्प या मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीवर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये कारवाई केली. लोकांचे ईमेल आणि आरोग्याच्या प्रश्नावलीतली माहिती फेसबुक, स्नॅपचॅट, क्रिटिओ, पिंटरेस्ट यांना जाहिरातीसाठी दिल्याचा आरोप होता, तडजोडीत ७८ लाख डॉलर द्यायचे ठरले. तिथेही हिपाच्या शिक्क्याचा मुद्दा आला होता. त्याच वर्षी सेरेब्रल नावाच्या ऑनलाइन मानसिक आरोग्य कंपनीने अशाच ट्रॅकर्समुळे ३१ लाखांपेक्षा जास्त लोकांची माहिती बाहेर गेल्याचं स्वतः कळवलं. एवढं सगळं जाहीर झाल्यावर सुद्धा आमच्या फॉर्ममध्ये ट्रॅकर होता, याचाच जास्त संताप येतो.

कंपनीचं म्हणणं काय तर आम्ही नाव काढूनच माहिती वापरतो. थेरपीच्या नोटमधून नाव काढून काय होतं? कुठे काम करते, घरात कोण कोण, कोणत्या वर्षी काय घडलं, एवढं असलं की ओळखीचा माणूस दोन वाक्यात ओळखतो. लटान्या स्वीनी या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात नाव काढलेला हॉस्पिटलचा डेटा आणि मतदार यादी शेजारी ठेवून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरचं रेकॉर्ड शोधून दाखवलं होतं, फक्त जन्मतारीख, पिनकोड आणि लिंग यांच्यावरून. तिथे तर रकाने होते, आपल्याकडे माणसाची अख्खी कहाणी लिहिलेली असते.

सोडायचं ठरवलं तर वेगळाच छळ. नोट्स परत मागितल्या तर एका भल्यामोठ्या पीडीएफमध्ये सगळ्यांच्या एकत्र, कोणाची कुठे सुरू होते ते कळत नाही, तारखा उलटसुलट. नीट पाहिजे असतील तर वेगळी फी. डिलीट करा म्हटलं तर अकाउंट 'बंद' केलं, पण बंद करणं आणि पुसणं वेगळं आणि बॅकअपमध्ये किती काळ राहणार यावर एक ओळ नाही. बरं, आपल्यालाही रेकॉर्ड ठराविक काळ जपून ठेवायचं बंधन असतं त्यामुळे फी दिल्याशिवाय सुटका नव्हती, दिली. तुम्ही मात्र सही करायच्या आधीच विचारा की बाहेर पडताना डेटा कोणत्या स्वरूपात देणार, त्याचे पैसे किती आणि पुसल्याचं लेखी कधी देणार.

सगळ्यात अवघड होतं क्लायंट्सना सांगणं. प्रत्येकाला मी स्वतः सांगितलं, ईमेल टाकून मोकळी झाले नाही. काही म्हणाले ठीक आहे, समजलं. एकीने फक्त विचारलं की माझी फाईल कोणी वाचली का, आणि मला हो पण म्हणता येईना आणि नाही पण म्हणता येईना कारण कंपनीने लॉग दिलाच नाही. एक जण परत आलेच नाहीत. त्यांचा राग अगदी बरोबर आहे.

कुणी म्हणेल एवढं काय त्यात, एका मुलाने वाचलं तर. फिनलंडमधल्या वास्तामो या थेरपी सेंटर्सचं काय झालं ते त्यांनी जरूर वाचावं. डेटाबेस इंटरनेटवर धड संरक्षण न देता उघडा पडलेला, नोट्स एन्क्रिप्ट नाहीत. २०२० मध्ये हॅकरने आधी कंपनीकडे खंडणी मागितली, मिळेना तेव्हा थेट पेशंटना ईमेल, २०० युरोचे बिटकॉइन द्या नाहीतर तुमच्या सेशनमधलं सगळं जाहीर करतो. सुमारे ३३ हजार लोकांचा डेटा होता, बऱ्याच नोट्स खरंच जाहीर झाल्या. कंपनी २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली, २०२४ मध्ये कोर्टाने हॅकरला ६ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा सुनावली. पण चोरलेला पासवर्ड बदलता येतो, थेरपीत सांगितलेली गोष्ट एकदा बाहेर गेली की परत आत घेता येत नाही.

आता मी दोन वेगवेगळ्या फाईली ठेवते. एकात तारीख, वेळ, निदान, उपचाराची दिशा, कोणी अधिकृतपणे मागितलं तर देता येईल एवढंच. माझी सेशनची विचारटिपणं, क्लायंटचे शब्द, हे वेगळं, एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर, इंटरनेटला न जोडलेलं. अमेरिकेच्या नियमात तर वेगळ्या ठेवलेल्या अशा नोट्सना जास्तीचं संरक्षणच आहे. फॉर्ममधून ट्रॅकर गेले, पानाच्या पत्त्यात आजाराचं नाव नाही. आणि सपोर्टला फोन करायची वेळ आलीच तर नवीन सॉफ्टवेअरवाल्यांना आधी विचारते, माझ्या अकाउंटमध्ये तुम्हाला आत्ता काय काय दिसतंय ते वाचून दाखवा. डेमोमध्ये जे कळत नाही ते या एका प्रश्नाने कळतं.

थेरपी घेणाऱ्यांनीही बिनधास्त विचारा की माझ्या नोट्स कुठे ठेवता, कोण बघू शकतं. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नाचा राग येत नाही, आणि आला तर ते तुम्हाला कळलेलं बरंच.

आमची तक्रार डेटा नियामकाकडे गेलीय, अजून निकाल नाही. तुम्हाला कुठल्याही कंपनीने 'आम्हालासुद्धा दिसत नाही' असं लिहून दिलं असेल तर ती ईमेल जपून ठेवा, आणि कंपनीच्या सिस्टिमच्या बाहेर ठेवा, कारण अकाउंट बंद झाल्यावर आतले सगळे मेसेज गेले. माझी स्वतःच्या मेलबॉक्समध्ये होती म्हणून वाचली आणि तक्रारीत सगळ्यात जास्त कामाला तीच आली.