अमेरिकेला मुलांकडे जाताना: इमिग्रेशन अबुधाबीत की तिथे उतरल्यावर?

सांगलीतून अमेरिकेला मुलाकडे निघालेल्या घरात तिकिटाची चर्चा दरावरून सुरू होते आणि दरावरच संपते. आम्हीही पहिल्या वेळी तेच केलं. युरोपमार्गे आणि अबुधाबीमार्गे अशा दोन्ही वाटांनी जाऊन आल्यावर मात्र माझं ठाम मत झालंय की साठीपुढच्या माणसांनी आधी एवढंच पाहावं: इमिग्रेशनचे प्रश्न आपल्याला कुठे विचारणार, आणि तोवर आपण किती दमलेले असणार.

मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीनं दहा वर्षांचा व्हिसा दिला तरी प्रवेशाची हमी नसते. आत घ्यायचं का आणि किती दिवसांसाठी, हे काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर बहुतेकांना सहा महिने मिळतात. बोटांचे ठसे, फोटो आणि मग प्रश्न: कशाला आलात, कुणाकडे राहणार, परत कधी जाणार. हे दोन्ही वाटांवर सारखंच.

पहिल्या खेपेला आम्ही युरोपमार्गे गेलो. रात्रभर स्लीपर कोचनं मुंबई, मग दोन विमानं. अमेरिकेतल्या एका मोठ्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांच्या रांगेत उभे राहिलो तेव्हा ह्यांचे पाय सुजले होते. अधिकाऱ्यानं भराभर विचारलं, ह्यांना उच्चार कळला नाही, आणि मी मध्येच बोलले, "सुनेचं बाळंतपण झालंय, बाळाला सांभाळायला आलोय." सांभाळायला म्हटल्यावर त्याला कामाचा वास आला असावा. आम्हाला वेगळ्या खोलीत बसवलं. फोन वापरायचा नाही, किती वेळ लागेल ते कुणी सांगत नाही. दीड तासानं शिक्के मारून सोडलं, पण पुढचं विमान गेलं होतं. पहिल्या विमानतळावर बॅगा स्वतः घेऊन, कस्टममधून काढून पुन्हा द्याव्या लागतात. तेही त्या अवस्थेत केलं. आपण आजी-आजोबा म्हणून गेलो आणि संशयित म्हणून बसलो, हे मला आजही लागतं. तिथे दुभाषा मागता येतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला अबुधाबी. २०१४ पासून तिथल्या विमानतळावर अमेरिकेचेच अधिकारी बसतात आणि अमेरिकेत व्हायची ती सगळी तपासणी विमानात चढण्याआधी तिथेच होते. याला प्रीक्लिअरन्स म्हणतात. आयर्लंडमध्ये डब्लिन आणि शॅननलाही ही सोय आहे. मुंबईहून अबुधाबी तीन-साडेतीन तास. म्हणजे प्रश्नांना सामोरं जाताना चौदा तासांचा प्रवास अजून व्हायचा असतो, डोकं जागेवर असतं. प्रश्न तेच, अधिकारी तसेच करडे. आमची बॅग ओळखायला पडद्यावर तिचा फोटो दाखवला. अमेरिकेत उतरल्यावर मात्र साताऱ्याहून पुण्यात उतरावं तसं सरळ बाहेर. पुढचं विमान एकाच तिकिटावर असेल तर बॅगा थेट शेवटच्या गावाला जातात.

अधिकाऱ्यानं नाहीच म्हटलं तर काय, हा विचार कुणाला नको असतो, पण खरा फरक तिथेच आहे. अबुधाबीत नकार मिळाला तर विमानात चढू देत नाहीत आणि आपण मुंबईपासून तीन तासांवर असतो. अमेरिकेच्या भूमीवर १९९६ च्या कायद्यानं अधिकाऱ्याला तडक परत पाठवण्याचा हुकूम काढता येतो, आणि त्यासोबत पाच वर्षांची प्रवेशबंदी येते. फार थोड्यांवर ही वेळ येते. तरीही धाकधूक असणाऱ्यानं हे आधी माहीत करून घ्यावं.

अबुधाबीची अडचण वेळेची. सुरक्षा तपासणी पुन्हा होते. दोन विमानांत दीड-दोन तासच असतील तर ते तिकीट घेऊ नका. मी तीन तासांच्या खाली जाणार नाही. विमानतळाबाहेर पडायचं नसेल तर अमिरातीचा व्हिसा लागत नाही. मुलगा न्यूयॉर्कच्या आसपास राहत असेल आणि स्वतः घ्यायला येणार असेल, तर मुंबईहून थेट विमान बरं. पंधरा-सोळा तास बसणं कठीण, पण मध्ये चढउतार नाही, आणि व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवली तर रांगेत तिष्ठावं लागत नाही. युरोपमार्गे जायचं मला तरी कारण दिसत नाही, तिकीट कितीही स्वस्त असो.

खाऊचे नियम दोन्हीकडे तेच. हळद, बेदाणे, चटण्या फॉर्मवर किंवा तोंडी सांगा. लपवलं तर दंड. ताजा कढीपत्ता आणि घरचे तांदूळ नेऊच नका.

विश्रामबागेतल्या आमच्या शेजारीण काकू एकट्याच डॅलसला लेकीकडे निघाल्यात. त्यांना मी अबुधाबी, मग शिकागो, मग डॅलस असं एकच तिकीट काढायला सांगितलं. लेकीचा पत्ता, फोन, परतीचं तिकीट असा कागद पर्समध्ये ठेवायला दिलाय. आणि रोज संध्याकाळी त्यांच्याकडून एकच वाक्य इंग्रजीत म्हणवून घेते: लेकीला भेटायला आलेय, चार महिन्यांनी सांगलीला परत जाणार.