फुकेतची सहल, रद्द झालेलं हॉटेल आणि आमचे १,८४,००० रुपये

१२ ऑगस्टला दुपारी मी फुकेतच्या हॉटेलला फोन लावला. आईचे गुडघे दुखतात, तळमजल्यावरची खोली मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. निघायला दोन दिवस उरले होते. पलीकडच्या मुलीने बुकिंग क्रमांक घेतला, जरा थांबायला लावलं आणि म्हणाली, हे बुकिंग ३० जूनलाच रद्द झालंय. मी तिला तीनदा क्रमांक वाचून दाखवला. त्याच क्रमांकाचं रंगीत व्हाउचर माझ्या हातात होतं, चौघांची नावं घातलेलं. बाबांच्या आडनावाचं स्पेलिंगसुद्धा अगदी बरोबर.

आम्ही ठाण्यात चरईला राहतो. २०२५ मध्ये १५ ऑगस्ट शुक्रवारी आला आणि १६ ला दहीहंडी. दहीहंडीला ठाण्यात काय आवाज असतो ते ठाणेकरांना सांगायला नको. बाबांना त्याचा फार त्रास होतो, म्हणून ते चार दिवस आई-बाबांना घेऊन कुठेतरी जायचं ठरवलं. फुकेत म्हणजे थायलंडचं सगळ्यात मोठं बेट, आणि तो एक स्वतंत्र प्रांतही आहे. विमान थेट मिळतं, भारतीयांना त्या वेळी ६० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता. बाबांनी मे महिन्यात आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढला.

ज्या ट्रॅव्हल एजंटकडून आम्ही ही सहल घेतली, त्या माणसाचा नौपाड्यात एका इमारतीच्या तळमजल्यावर गाळा होता. ओळखीतल्या एकांनी त्याच्याकडून गोव्याचं बुकिंग केलं होतं, ते नीट पार पडलं होतं. माणशी ४६,००० रुपये, चौघांचे १,८४,०००. २० जूनला ९०,००० भरले, ११ जुलैला उरलेले ९४,०००. म्हणजे आम्ही दुसरा हप्ता भरला तेव्हा हॉटेल रद्द होऊन अकरा दिवस झाले होते. बाबा बरोबर आले होते. "काका, तुम्ही फक्त बॅगा भरा," असं तो त्यांना म्हणाला आणि गणपतीची किचेन हातात ठेवली.

हे त्याने कसं केलं ते नीट समजून घ्या, कारण कागद खोटे नव्हते. हॉटेलचं बुकिंग खरंच केलं होतं, फक्त फुकट रद्द करता येईल अशा दरात. व्हाउचर छापून आमच्या हातात दिलं आणि मागाहून ते रद्द केलं. विमानाचंही तसंच. पीएनआर मिळाला त्याच संध्याकाळी मी तो विमान कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला होता, आमची नावं दिसली, मी निर्धास्त झाले. पण जागा नुसत्या होल्डवर होत्या. पैसे भरलेच नाहीत म्हणून त्या सुटल्या आणि पीएनआर गेला. नाव दिसणं म्हणजे तिकीट निघालं असं नसतं. तिकीट कन्फर्म झालंय का, पैसे पूर्ण भरलेत का, हे कंपनीच्या कस्टमर केअरलाच विचारायचं, आणि एकदा नाही, निघेपर्यंत दोन-तीनदा.

आता मागे वळून पाहताना स्वतःचाच राग येतो, कारण सगळं समोर दिसत होतं. त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत एक दिवस सिमिलन बेटं आणि एक दिवस फी फीजवळचा माया बे असं लिहिलं होतं. सिमिलन बेटं पावसाळ्यात, मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पर्यटकांना बंद असतात. माया बे दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबर बंद ठेवतात, तिथली प्रवाळं सावरावीत म्हणून. ऑगस्टच्या सहलीत ही दोन्ही नावं असूच शकत नाहीत. सहल जाणारच नव्हती, मग काय लिहिलंय याची त्याला फिकीर कशाला?

अरायव्हल कार्डाचे म्हणून त्याने माणशी १,२०० वेगळे सांगितले होते. ते मी आल्यावर देते म्हटलं, म्हणून तेवढे वाचले. थायलंडचं हे डिजिटल कार्ड १ मे २०२५ पासून सुरू झालंय आणि ते तिथल्या इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर पोचण्याआधीच्या तीन दिवसांत आपणच भरायचं असतं, पूर्णपणे मोफत.

आणि पैसे? "करंट अकाउंटची लिमिट संपलीय ताई, मिसेसच्या खात्यावर टाका." मी टाकले. पॅन त्याने मागितला नाही, उलट "टीसीएस वाचवतो तुमचा" म्हणाला, आणि मला ते सोयीचं वाटलं. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याने टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेऊन आपल्या पॅनवर जमा करायचा, हा नियम ऑक्टोबर २०२० पासून आहे. तो पुढे आपल्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या कराच्या नोंदीत, दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. जो पॅन मागत नाही, त्याने तुमची सहल हिशेबात धरलेलीच नाही.

१२ तारखेला संध्याकाळी गाळ्यावर गेलो तर शटर खाली, दोन कुलपं. बाहेर आणखी तीन कुटुंबं उभी होती, त्यातलं एक घणसोलीहून आलेलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, पण महिना उलटून गेला होता आणि खात्यातून पैसे कधीच काढून घेतले होते. हा फोन पहिल्या काही तासांत झाला तर रक्कम गोठवता येते. पोलीस ठाण्यात आधी "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकायला मिळालं. आम्ही एकत्र गेलो, सगळ्यांच्या पावत्यांवरचं तेच खातं दाखवलं, तेव्हा फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. एकट्याने गेलो असतो तर झाला असता असं मला वाटत नाही.

बाबा एक शब्द बोलले नाहीत. १४ ला सकाळी त्यांनी बॅगेतले कपडे काढून पुन्हा कपाटात लावले, इस्त्री न मोडता.

सध्या आम्ही अकरा जण आहोत. जून-जुलैमध्ये नौपाड्यात कोणी असेच पैसे भरले असतील तर व्हाउचर, पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं काहीही पुसू नका आणि आपल्या हॉटेलला आजच फोन करा. शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा पोलीस ठाण्यात जाणार आहोत. बँक स्टेटमेंटवर त्या खात्याची नोंद अधोरेखित करून दोन प्रती आणा, एक तिथे ठेवून घेतात.