गच्चीवरचं सोलार: ऑनग्रिड घ्यावं की बॅटरीचं?

आधी गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं काढा. महिन्याला किती युनिटं लागतात यावर किती किलोवॉट बसवायचे ते ठरतं. बॅटरी हवी की नको, हे मात्र वीज किती वेळ जाते यावर ठरवा.

पॅनेल दोन्हींत तेच. सिलिकॉनच्या सेलवर ऊन पडलं की डीसी वीज तयार होते आणि इन्व्हर्टर ती घरात चालणारी २३० व्होल्टची एसी करतो. महाराष्ट्रात एका किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिटं धरावीत. जागा सुमारे १०० चौरस फूट. पावसाळ्यात उत्पादन बरंच घसरतं, म्हणून एका महिन्यावरून हिशेब करू नका.

ऑनग्रिड म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला, म्हणजे ग्रिडला, जोडलेली यंत्रणा. तिच्यात दुपारची जादा वीज नेट मीटरमधून (आलेली आणि गेलेली वीज मोजणारा मीटर) महावितरणकडे जाते आणि रात्री वापरलेल्या युनिटांतून वजा होते. ग्रिड हीच तुमची बॅटरी, तीही देखभालीशिवाय. शिवाय बिल स्लॅबचं असल्याने सोलारमुळे आधी वरच्या, महाग स्लॅबमधली युनिटं कमी होतात. महिन्याला ३०० युनिटं लागणाऱ्या घराला ३ किलोवॉट पुरतात. त्याहून मोठी यंत्रणा नको: मार्चअखेर उरलेल्या युनिटांना कमी दर मिळतो. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्त असल्यास ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचीच लागतात, हे कोटेशनवर लिहून घ्या.

एक गोष्ट बरेच विक्रेते सांगत नाहीत: वीज गेली की ऑनग्रिड भर उन्हातही बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या घरातून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवतात. तो बिघाड नव्हे.

ग्रिडपासून पूर्ण तुटलेली, फक्त बॅटरीवरची यंत्रणा लाईन पोचतच नाही अशा शेतघरासाठी ठीक; तिला हे अनुदान नाही. ग्रिड आणि बॅटरी दोन्ही असलेलं हायब्रिड मात्र नेट मीटरवरही चालतं आणि वीज गेल्यावर निवडक सर्किटं चालू ठेवतं. खर्च वाढतो तो त्याच्या बॅटरीमुळे. १५० अँपिअर-तासाच्या १२ व्होल्टच्या ट्यूबलर बॅटरीत १.८ युनिटं मावतात. पण ती निम्म्याहून जास्त रिकामी केली तर आयुष्य घटतं. म्हणजे हाती ०.९, त्यातून इन्व्हर्टरचा तोटा वजा. दोन पंखे, चार एलईडी आणि राऊटर मिळून सुमारे २०० वॉट होतात. ते जेमतेम चार तास चालतील. एअर कंडिशनर आणि गीझर यांचा विचारही नको. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांहून जास्त वापरता येते, टिकतेही जास्त, पण महाग.

रोज तीन-चार तास वीज जात असेल तर हायब्रिड घ्या. आठवड्यातून एखाद-दोन तासच जात असेल तर ऑनग्रिड आणि जोडीला घरात आहे तोच साधा इन्व्हर्टर पुरे; तो ग्रिडवरून चार्ज होत राहील.

पैसे कोणत्याही प्रकारात वाया जातात ते सावलीमुळे. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात. टाकीची किंवा कठड्याची सावली एकावर पडली तरी माळेचं उत्पादन पडतं. सकाळी नऊ, बारा आणि चार वाजता गच्चीचे फोटो काढा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकतो, तेव्हाही काढा. पॅनेल दक्षिणेकडे, १५ ते २० अंश कलत हवीत. वीजरोधक (आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणारा), पॅनेलचा सांगाडा आणि इन्व्हर्टरनंतरची एसी बाजू, तिन्हींचं अर्थिंग वेगळं मागा. कोकणात सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिलेलाच (हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड) घ्या, नुसता रंगवलेला खाऱ्या हवेत लवकर गंजतो. धूळ पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो.