विकतचा वंशवृक्ष : साळगावकरांच्या अहवालाचे परीक्षण

‘आडनाव कळवा, मूळ पुरुष शोधून देऊ’ अशी जाहिरात करणाऱ्या एका खासगी सेवेकडून मी साळगावकर या आमच्या आडनावाचा अहवाल साडेचार हजार रुपये भरून मागवला. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण अशा सेवा आता बऱ्याच निघाल्या आहेत आणि पुढे लिहितो आहे ते त्यांपैकी अनेकींना लागू पडेल. टपालाने तीन गोष्टी हाती आल्या : जाड कागदावर रंगीत छापलेला वंशवृक्ष, आडनावाच्या इतिहासाची पुस्तिका, आणि मी छायाचित्र पाठवलेल्या घरातल्या एका मोडी कागदाचे देवनागरी लिप्यंतर. पैसे तिन्हींचे एकत्र घेतले जात असले तरी तिन्हींची योग्यता सारखी नाही.

वंशवृक्ष दिसायला देखणा आहे आणि विश्वास ठेवण्याजोगा मुळीच नाही. त्यात कोकणातले यच्चयावत साळगावकर एकाच पुरुषापासून निघालेले दाखवले आहेत. वास्तविक साळगाव नावाची निदान दोन गावे या पट्ट्यात आहेत, एक कुडाळ तालुक्यात आणि दुसरे गोव्यातल्या बारदेशात. कुडाळ १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात होते. बारदेश १५४३ पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. म्हणजे एका साळगावकराचे कागद मराठीत, मोडी लिपीत आणि संस्थानी दप्तरात सापडायचे, तर दुसऱ्याचे पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज भाषेत. तुम्ही कोणत्या साळगावचे, हा पहिलाच प्रश्न सेवेच्या अर्जात नाही. कुळदैवत, गोत्र, देवळातला मान, मूळ घराची जागा यांपैकीही काही विचारलेले नाही. गावावरून किंवा हुद्द्यावरून पडलेली आडनावे कोकणात जातीच्या, इतकेच नव्हे तर धर्माच्याही रेषा ओलांडतात. पारकर आणि दळवी हिंदूंतही आहेत आणि मुसलमानांतही. अशा प्रदेशात केवळ आडनावावरून सोयरसुतक जोडून देणे हे धाडसच म्हटले पाहिजे.

याहून मोठी अडचण अशी की साळगावच्या जुन्या कागदांत साळगावकर शोधणे हेच मुळी उफराटे आहे. गावात राहणाऱ्या माणसाला गावाचे नाव लावण्याचे कारण पडत नाही; तेथे तो परब, राऊळ, सावंत, प्रभू, नाईक किंवा गावकर असतो, आणि दप्तरात त्याची नोंद स्वतःच्या व बापाच्या नावाने, वतनाच्या हुद्द्याने किंवा जमिनीच्या धाऱ्याने, म्हणजे साऱ्याने, होते. ‘कर’ लागतो तो बहुधा गाव सोडल्यावर, म्हणजे शेजारच्या महालात (तालुक्यासारख्या जुन्या विभागात), बंदरात किंवा मुंबईत गेल्यावर. त्यामुळे आडनाव हा शोधाचा शेवटचा टप्पा ठरतो. सुरुवात करायची ती जमिनीच्या फेरफारापासून, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कोतवाल बुकापासून, आणि त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्री गेलेल्या पूर्वजांनी तीर्थोपाध्यायांच्या वहीत स्वहस्ते लिहून ठेवलेल्या नामावळीपासून. सेवेने यातले काहीही पाहिल्याची खूण अहवालात नाही.

पुस्तिकेबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. तिच्यातला बराचसा मजकूर इंग्रज सरकारने काढलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८० मधल्या दहाव्या खंडावरून घेतलेला असून तो खंड शासनाच्या गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतो. घेतानाही गफलत झाली आहे. त्या खंडात रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान यांची वर्णने वेगवेगळी दिली आहेत, आणि पुस्तिकाकाराने कुडाळकरांसाठी रत्नागिरीची पाने उतरवली आहेत. म्हणूनच खोतीचे, म्हणजे गावचा सारा खोतामार्फत वसूल करण्याच्या पद्धतीचे, आणि १८८० च्या खोती कायद्याचे लांबलचक वर्णन त्यात आले आहे, जरी तो कायदा इंग्रजी मुलखाचा होता आणि कुडाळ तेव्हा त्या मुलखात नव्हते. १९८१ मध्ये झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा आजचा नकाशा मागच्या काळावर पसरला की असे होते.

लिप्यंतराचे मात्र मोकळेपणाने कौतुक केले पाहिजे. कागदाची डावी कड वाळवीने खाल्लेली आहे आणि मजकूर घाईच्या हाताचा, एकामागून एक अक्षरे ओढत नेलेला आहे. तरीही वाचणाऱ्याने जेथे अक्षर लागले नाही तेथे जागा कोरी सोडली आहे, अंदाजाने भरलेली नाही. ‘छ १४ साबान’ ही चांद्र तारीखही नीट उतरवली आहे. चूक झाली ती त्यापुढे. कागदावर ‘समान खमसैन मया व अलफ’ असे अरबी सन आहे, म्हणजे ११५८. हा शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांत चालणारा अरबी नावांचा सन, असल्यामुळे त्यात ५९९ मिळवून १७५७-५८ येते, आणि साबान महिना त्या वर्षाच्या अखेरीस पडत असल्याने तारीख एप्रिल १७५८ ची ठरते. सेवेने तो फसली, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचा वेगळा सन, धरला, ५९० मिळवले आणि १७४८ लिहून दिले. कागद सावंतवाडीचे राजे खेम सावंत (तिसरे) यांच्या नावाचा आहे आणि ते गादीवर आले १७५५ मध्ये, एवढे ताडून पाहिले असते तरी ही चूक टळली असती. शंका वाटली की पानिपत आठवावे : जानेवारी १७६१ ची ती लढाई शुहूर सन ११६१ मधली, त्यावरून हिशेब लगेच जुळतो.

मी हे कळवल्यावर सेवेने लिप्यंतरातले साल तत्परतेने दुरुस्त केले. वंशवृक्षात त्याच कागदावरून बसवलेली पिढी मात्र जुन्याच सालावर ठेवली, आणि नवा वृक्ष हवा असल्यास छपाईचा खर्च वेगळा पडेल असे उत्तर आले.

ज्यांना खरोखर शोध घ्यायचा आहे त्यांनी आधी ग्रंथालयांत बसावे. १८२८ पासून चालत आलेले रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर आणि गोव्याकडच्यांसाठी १८३२ मध्ये स्थापन झालेले पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय ही त्यासाठी योग्य ठिकाणे आहेत. मागायचे ते घराण्यांचे छापील कुलवृत्तांत, ज्ञातींची जुनी मासिके आणि स्थानिक इतिहासाची पुस्तके. पुण्याच्या पुराभिलेखागारात जायचे असेल तर गाव, तर्फ (महालातला गावांचा गट) आणि महाल यांची नावे घेऊन जावे, कारण पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आडनावांप्रमाणे लावलेले नाहीत आणि नुसते आडनाव सांगितल्यास तेथील माणूसही काही करू शकणार नाही.

या सेवेकडून घेण्यासारखे एकच आहे, मोडी लिप्यंतर. ते सुटे मागितल्यास मिळते, पानाला सहाशे रुपये पडतात. मागताना मूळ कागदातली तारीख अक्षरशः उतरवून द्या, इसवी सन आमचे आम्ही काढू, असे लेखी कळवावे.