चॅटबॉटला तर्काचे प्रकार ओळखता येतात का? रिझनिंग शिकवणाऱ्याचा रिव्ह्यू

मी पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या पोरांना रिझनिंग शिकवतो. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेतला सीसॅट, म्हणजे आकलन आणि रिझनिंगचा पेपर, आता फक्त क्वालिफाइंग आहे, ३३ टक्के पुरतात, त्यामुळे बरीच पोरं या पेपरला क्लास लावतच नाहीत, अभ्यासिकेत बसून चॅटबॉटला विचारतात आणि तो म्हणेल ते वहीत उतरवतात. म्हणून हा बॉट नीट तपासायचं ठरवलं. फ्री व्हर्जनवर पण केलं आणि एका विद्यार्थ्याकडे पेड होतं त्यावर पण. कंपनीचं नाव देत नाहीये, कारण इथे एकच गोष्ट बघायची होती, समोरच्या वाक्यांत निगमन आहे, विगमन आहे का अ‍ॅबडक्शन आहे हे त्याला ओळखता येतं का.

आधी चांगलं सांगतो. व्याख्या एकदम पक्क्या. निगमनात विधानं खरी असली तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही, विगमनात बघितलेल्या गोष्टींवरून न बघितलेल्याबद्दल बोलतो म्हणून निष्कर्ष फक्त संभाव्य राहतो, आणि अ‍ॅबडक्शन म्हणजे समोर जे घडलंय त्याचं सगळ्यात पटणारं कारण शोधणं, हे त्याने मराठीत इतकं स्वच्छ लिहिलं की क्लासच्या फळ्यावर तसंच्या तसं उतरवता येईल. माणूस मर्त्य आहे, सॉक्रेटिस माणूस आहे, असली पुस्तकी उदाहरणं तर डोळे मिटून बरोबर.

मग मी आपल्या गावचं उदाहरण दिलं. भिडे पूल. खडकवासला धरणातून मुठा नदीत मोठा विसर्ग, म्हणजे पाणी, सोडला की भिडे पूल पाण्याखाली जातो, आज मोठा विसर्ग सोडलाय, तर पूल पाण्याखाली जाणार. दुसरं, मागे कितीतरी पावसाळ्यांत पूल पाण्याखाली गेलाय, तर यंदाही बहुधा जाईल. तिसरं, पूल पाण्याखाली गेलाय, शहरात तर नुसती भुरभुर आहे, म्हणजे वरच्या पानशेत, वरसगाव धरणांकडे जोरात पाऊस होऊन खडकवासल्यातून पाणी सोडलं असणार. एकच गोष्ट तीन बाजूंनी फिरवायची ही पद्धत माझी नाही, चार्ल्स सँडर्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८७८ मध्ये पिशवीतल्या पांढऱ्या बीन्स घेऊन हेच केलं होतं, आणि बॉटला ते बीन्स माहीत असणार म्हणूनच मी पूल घेतला. तिन्ही उत्तरं बरोबर आली, पहिलं निगमन, दुसरं विगमन, तिसरं अ‍ॅबडक्शन. मला खरंच आनंद झाला.

पण मग मी फक्त शब्द बदलले, आशय तोच ठेवला. तिसऱ्यातलं 'असणार' काढून 'म्हणजे नक्कीच पाणी सोडलंय' केलं तर तो म्हणाला हे वैध निगमन आहे. आता हे साफ चूक आहे, पाणी सोडलं तर पूल बुडतो यावरून पूल बुडाला म्हणजे पाणी सोडलंच हे निघत नाही, मधल्या पाणलोटातून थेट नदीत पाणी येऊ शकतं, काहीही होऊ शकतं. कारण म्हणून ते उत्तम आहे, पण सिद्ध झालेलं नाही. उलट पहिल्यात नुसतं 'बहुधा' घातलं तर तेच निगमन एका सेकंदात विगमन झालं! म्हणजे विधानं निष्कर्षाला किती आधार देतात हे तो बघत नाहीये, 'नक्कीच' आणि 'बहुधा' हे शब्द बघतोय. असे चॅटबॉट आधीच्या मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधून लिहितात, आणि पुस्तकांत निगमनाच्या आसपास 'निश्चित' आणि विगमनाच्या आसपास 'संभाव्य' हजारदा येतं, तर या खुणांना तो भुलतो असं मला वाटतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे कारण ती आपल्याच गाइडांतून आलीये. निगमन म्हणजे सामान्याकडून विशिष्टाकडे आणि विगमन म्हणजे विशिष्टाकडून सामान्याकडे, हे वाक्य प्रत्येक पोराला पाठ असतं आणि बॉटलाही. मी विचारलं, तोरणा राजगडापेक्षा उंच, राजगड सिंहगडापेक्षा उंच, म्हणून तोरणा सिंहगडापेक्षा उंच, हे काय? यात सामान्य विधान दिलेलंच नाही, तीन गड आहेत फक्त, तरी निष्कर्ष टळत नाही, म्हणजे निगमनच. फ्रीवाला म्हणाला विगमन, कारण 'विशिष्ट उदाहरणांवरून'. पेडवाल्याने बरोबर सांगितलं आणि 'पेक्षा उंच' हा संबंध पुढे सरकतो हेही समजावलं, तिथे दोघांतला फरक जाणवला.

मग अष्टविनायक. मोरगाव, थेऊर, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, सिद्धटेक, पाली, महड, हे सगळे महाराष्ट्रात आहेत, आणि अष्टविनायक एवढेच आहेत, म्हणून सगळे अष्टविनायक महाराष्ट्रात आहेत. दिसायला अगदी विगमन, एकेक उदाहरण मोजत गेलोय. पण आठच्या आठ मोजल्यावर बाहेर काही उरलंच नाही, शंकेला जागाच नाही. दोन्ही व्हर्जन विगमन म्हणाली. जुन्या तर्कशास्त्राच्या पुस्तकांत यालाही पूर्ण विगमन म्हणतात म्हणून मी अर्धे मार्क दिले, पण 'त्यामुळे निष्कर्ष फक्त संभाव्य आहे' असं पुढे जोडलं त्याला शून्य. गणितातल्या मॅथेमॅटिकल इंडक्शनला मात्र दोघंही फसली नाहीत, नावात इंडक्शन म्हणजे विगमन असलं तरी ती निगमनाने दिलेली सिद्धता असते हे लगेच सांगितलं.

सगळ्यात मजा आली ती देवदत्ताच्या वेळी. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणजे रात्री जेवत असणार, मीमांसा या भारतीय दर्शनाच्या तत्त्वज्ञांचं, मीमांसकांचं, अर्थापत्तीचं (दुसऱ्या कशाने उलगडत नाही म्हणून एखादी गोष्ट मानणं) ठरलेलं उदाहरण. बॉट आधी अ‍ॅबडक्शन म्हणाला, पण मग स्वतःहून म्हणाला की मीमांसकांच्या मते यात दुसरा पर्यायच उरत नाही म्हणून ते याला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं वेगळं साधन मानतात, न्यायदर्शनाचे नैयायिक याला अनुमानातच धरतात, आणि पर्सचं अ‍ॅबडक्शन मात्र पुढे तपासायचा अंदाज असतो, म्हणून दोन्ही एक समजू नका. इतकं समंजस उत्तर मला अपेक्षित नव्हतं. पर्वतावर धूर दिसतो म्हणजे तिथे अग्नी आहे, हे न्यायातलं जुनं उदाहरण दिलं तेव्हाही तसंच, व्याप्ती (जिथे धूर तिथे अग्नी हा नियम) स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून आली हा विगमनासारखा भाग आणि ती या पर्वताला लावली हा निगमनासारखा भाग, असं त्याने वेगळं करून दाखवलं. ज्यावर पिढ्यान् पिढ्या वाद झालेत तिथे त्याच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे, अडतो तो आपण आत्ता रचलेल्या साध्या वाक्यांवर.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपली ती. भिडे पुलाच्या पहिल्या, एकदम बरोबर उत्तरावर मी फक्त लिहिलं, 'नाही, हे विगमन आहे.' कारण दिलं नाही, काही नाही. लगेच 'तुमचं बरोबर आहे, क्षमस्व' आणि खाली हे विगमन का आहे याचे व्यवस्थित मुद्दे! परत म्हटलं, 'नाही नाही, अ‍ॅबडक्शन आहे', तर तेही मान्य, त्याचेही मुद्दे. पेडवाला एकदा अडला पण दुसऱ्यांदा दामटल्यावर तोही वाकला. ज्याला विषय येतो त्याचं यात काही बिघडत नाही, पण जो पोरगा गावाकडून आलाय, मेसचे आणि रूमचे पैसे घरून मागतोय आणि एका मार्काने पोस्ट जाते हे ज्याला माहीत आहे, त्याच्या मनातली चूक बॉट पक्की करून देतो, वर छान भाषेत. मला याचा खरंच राग येतो. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याला 'नाही, परत बघ' म्हणता आलं पाहिजे, आणि हा ते म्हणत नाही.

वापरायचाच असेल तर 'हा कोणता प्रकार' असं विचारू नका. असं विचारा, 'दिलेली विधानं खरी धरली तरी निष्कर्ष खोटा ठरेल अशी एखादी परिस्थिती सांग.' सापडली तर निगमन म्हणून ते टिकत नाही, मग आपण बसून बघायचं की निष्कर्ष बघितलेल्यावरून न बघितलेल्याकडे जातोय का घडलेल्याचं कारण सांगतोय. या प्रश्नाला दोन्ही व्हर्जननी कितीतरी बरी उत्तरं दिली, अष्टविनायकालासुद्धा 'अशी परिस्थिती नाही' म्हणाली, कारण आता त्याला लेबल चिकटवायचं नव्हतं, उदाहरण शोधायचं होतं. आणि प्रत्येक वेळी नवीन चॅट उघडा, आधीचं बोलणं तसंच राहिलं की तो त्याच दिशेने ओढला जातो.

व्याख्या आणि तत्त्वज्ञानासाठी पाचपैकी साडेचार, ताज्या उदाहरणांसाठी अडीच, आपल्या उत्तरावर ठाम राहण्यासाठी एक. पेड प्लॅन नुसत्या रिझनिंगसाठी घेऊ नका, गडांच्या प्रश्नात फरक पडला पण वाकण्यात फारसा नाही, आणि तेवढ्या पैशात अप्पा बळवंत चौकात आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा संच येतो.