पेठ नाक्यावरचा ग्रेट डेन

परवा आमच्या कुत्र्याला, ढब्बूला, काट्यावर उभा केला. २२ किलो भरला. वय दीड वर्ष. या वयाचा ग्रेट डेन नर ५० किलोच्या आत सहसा नसतो, आणि आम्ही २८ हजार मोजले होते ते ग्रेट डेनचेच. झालं ते झालं म्हणून गप्प बसलो होतो. पण गेल्या महिन्यात मार्केट यार्डातल्याच एका ओळखीच्यानं अगदी तसंच, फोनवर ठरवून, हायवेवरून सेंट बर्नार्डचं पिल्लू आणलं. ते पाच दिवस जगलं. म्हणून लिहितोय.

मी हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. आमच्या सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कुणी बोली लावत नाही. पंचवीस वर्षं हे बघण्यात गेली आणि पिल्लाच्या बाबतीत मी फोटोवर गेलो.

अभ्यास केला नव्हता असं नाही. खरं तर अभ्यासच नडला. लेक आठवीत. तिनं नि मी चार महिने बसून दोनशे पानी वही भरली. नाव डेन असलं तरी कुत्रं मूळचं जर्मनीचं. आयुष्य जेमतेम आठ-दहा वर्षं. छाती खोल असल्यानं पोट फुगून जठराला पीळ पडायचा धोका, त्यामुळं खाल्ल्या खाल्ल्या पळवायचं नाही. वाढत्या वयात वरून कॅल्शियम द्यायचं नाही, त्यानं हाडं सुधारण्याऐवजी बिघडतात. मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढलेलं बरं. एवढं सगळं लिहिलं. विकणाऱ्याविषयी त्या वहीत एक ओळ नव्हती.

सासरे जतचे. ते म्हणाले होते, "कारवान घ्या की. आमच्याकडं कुणाच्याबी दारात जाऊन आई-बाप बघून पिल्लू उचलता येतंय." मी हसलो. ग्रेट डेनचं वेड लागलेल्या माणसाला शिकारी कुत्रं काय सांगता म्हटलं. त्यांच्या बोलण्यातलं 'आई-बाप बघून' तेवढं ऐकायला हवं होतं.

ऑनलाइन जाहिरात बघून फोन लावला. माणूस गोड. मी विचारलं, "बापाची उंची बत्तीस इंच तरी असेल ना?" तो म्हणाला, "बरोबर साहेब, बत्तीसच." "वजन साठच्या पुढं?" "बासष्ट भरलंय." "पिल्लं साठ दिवसांची झाली असतील?" "कालच झाली बघा." तेव्हा वाटलं, माणूस जाणकार आहे. आता वही उघडली की कळतं, प्रत्येक प्रश्नात उत्तर मीच घालून देत होतो आणि तो फक्त 'बरोबर' म्हणत होता. वर म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखं अभ्यासू गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं." तिथंच मी विरघळलो.

आईला बघायला येतो म्हटलं तर म्हणाला, बाहेरच्या माणसाच्या चपलांतून पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा विषाणू, येतो, म्हणून फार्मवर कुणाला घेत नाही. ही थाप पचते, कारण ती अर्धी खरी आहे. चपलांतून पार्व्हो येतो हे खरंच. पण मग निदान व्हिडिओ कॉलवर आई आणि पिल्लं एकत्र दाखवायला काय हरकत होती? मला त्यानं फोटो पाठवला, हिरवळीवर पांढरे-काळे ठिपकेवाले दोन धिप्पाड कुत्रे. मी तोच फोटो डीपीला लावला. लाज वाटते सांगायला, पण लावला. पुढं लेकीनं इमेज सर्च केला तर तो परदेशातल्या कुठल्याशा केनेलचा निघाला.

मग दर. कागदासकट ४० हजार, बिनकागदाचं २८. हे ऐकूनच फोन ठेवायला हवा होता. कागद म्हणजे जातीच्या नोंदणीचा दाखला. तो देणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं ऑफिस चेन्नईला आहे. आई-बाप तिथं नोंदलेले असले तर पिल्लांची नोंदणी ब्रीडर स्वतः करतो, मायक्रोचिप बसवतो. वेगळे पैसे मोजून हवे तर घ्यायचे, असा हा कागद नसतो. मी मात्र हिशेब केला, कागद काय चाटायचाय, बारा हजार वाचले.

"पुण्याचं गिऱ्हाईक थांबलंय" म्हटल्यावर पाच हजार यूपीआयनं टाकले. स्क्रीनवर नाव भलतंच आलं. विचारलं तर म्हणे भाच्याचा नंबर आहे.

पिल्लू द्यायला तो पेठ नाक्यावर येणार होता. इस्लामपूरवरून आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ. हायवेच्या कडेला गाडी, डिकीत आंब्याची पेटी, पेटीत वर्तमानपत्रावर चॉकलेटी पिल्लू. मी विचारलं, ठिपके कुठायत? म्हणाला, हा फॉन रंग, यालाच जास्त मागणी. पाय जाडजूड, पोट टम्म. ही म्हणाली, किती गुटगुटीत आहे! मी उचललं तर हलकं लागलं. आठ आठवड्यांचं डेनचं पिल्लू सात-आठ किलोचं असतं, हे माझ्याच अक्षरात वहीत लिहिलेलं. पण लेकीनं तोवर त्याला ढब्बू म्हणून हाक मारली होती. उरलेले २३ हजार दिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमकडं नेलं. वजन २ किलो ९००. त्यांनी अंगठ्यानं त्याचा ओठ वर सारला, जबडा उजेडाकडं वळवला आणि मला जवळ बोलावलं. पुढचे दात तांदळाच्या कणीएवढे, आणि मागं जिथं दाढा हव्यात तिथं नुसती गुलाबी हिरडी. "आठ आठवड्यांत दुधाचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात येतात. याला पाच आठवडे तरी झालेत का?" मग लसीचं कार्ड. दोन लसींच्या तारखा एकाच पेनानं, एकाच हातानं लिहिलेल्या. कुपीवरचं बॅच नंबरचं स्टिकर नाही, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. तारखांप्रमाणं पहिली लस हे पिल्लू आठवड्याचं असताना दिलेली. सहा आठवड्यांच्या आत सहसा ही लस देत नाहीत, आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्तीच तिला निकामी करते. टम्म पोट जंतांचं होतं. औषध दिल्यावर जे पडलं ते शेवयांसारखं दिसत होतं. त्या महिन्यात आमच्या घरात खीर झाली नाही.

चौथ्या दिवशी पहाटे उलटी, मग रक्ताचे जुलाब. तो वास ज्यानं घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. पट्टीवर टेस्ट केली, दोन रेघा आल्या, पार्व्हो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, त्यामुळं रोग बहुधा पेटीतूनच घरी आलेला. मॅडम म्हणाल्या, विषाणू मारणारं औषध आपल्याकडं नाही. सलाईन, उलटी थांबवायची इंजेक्शनं, अँटिबायोटिक, आणि नशीब. सहा दिवस मांडीवर घेऊन बसलो. त्याच्या पायापेक्षा सलाईनची पट्टी मोठी होती. लेक शाळेतून आली की आधी दारातूनच विचारायची, "आहे?" ढब्बू वाचला. उपचाराचे १४ हजार गेले. आई रोज फिनेलनं फरशी पुसत होती, पण फिनेल या विषाणूचं काही बिघडवत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, असं पुसायला लागतं. अंगणातल्या मातीत तो कित्येक महिने टिकतो, म्हणून लस पूर्ण न झालेलं पिल्लू आता कुणी आमच्याकडं आणू नका म्हणून सांगितलंय.

त्या माणसाचा नंबर तिसऱ्या दिवसापासूनच बंद. पोलीस ठाण्यात गेलो तर आधी "पिल्लू तर मिळालं की तुम्हाला" असं ऐकून घेतलं. ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ झालंय, तेवढी भर ज्ञानात पडली. अर्ज घेतला, पुढं काही नाही. पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायला हवा होता, मी नऊ दिवसांनी केला.

नियम आहेत, हे मला मागाहून कळलं. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद दाखवा म्हटलं की अर्धे लोक तिथंच फोन ठेवतात. त्या यार्डातल्या ओळखीच्यासाठी मी परवा चार जणांना फोन लावून बघितलं, तिघांनी ठेवला. चौथा म्हणाला, "या, आईला बघून जा, पण पिल्लू महिन्यानंतर मिळेल, आणि तुमच्याकडं अंगण किती ते आधी सांगा." दर कितीला आहे ते तो शेवटपर्यंत बोलला नाही. मित्राला त्याच्याकडंच जायला सांगितलंय. अंगठ्यानं ओठ वर सारून बघायलाही शिकवलंय.

ढब्बूची शेपटी आता वर वळलीय, एक कान उभा, एक पडलेला. ग्रेट डेनसाठी करून घेतलेल्या साडेचार फुटी पलंगावर तो एका कोपऱ्यात झोपतो. काल संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर एका गृहस्थांनी थांबवलं, कौतुकानं विचारलं, "कुठलं ब्रीड म्हणायचं हे?"

लेक म्हणाली, "पेठ नाका."

"हां हां," ते मान डोलावत म्हणाले, "महाग असतंय ते."