जपानमधली एकच ‘बघायची गाडी’ निवडायची तर कुठली?

दहा-बारा दिवसांची सहल. विमान टोकियोला उतरणार, क्योटो-ओसाका ठरलेलं, आणि घरात कुणीतरी त्या सजवलेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघून ठेवलेले. ‘यातली एक गाडी बसवायची आहे, कुठली घेऊ?’ हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) होणारच असते, पण ती पोचवणारी गाडी. मी बोलतेय ती ‘कांको रेश्शा’बद्दल. ही गाडी मुद्दाम हळू जाते, देखावा आला की आणखी हळू होते, आणि लोक तिच्यात बसतात ते बसण्यासाठीच.

अशा गाड्या जपानभर डझनांनी आहेत. मी दोन खेपांत मिळून चार केल्या. निवडताना सगळे आधी डब्याचे फोटो बघतात. मीही तेच केलं होतं. पण लाकडी जमीन, गुबगुबीत खुर्च्या, रंगीत काचा हे सगळं अर्ध्या तासात डोळ्यांच्या सवयीचं होतं, आणि उरलेला सगळा वेळ तुम्ही बाहेर बघत असता. म्हणून माझ्या लेखी तुलना गाड्यांची नसून मार्गांची आहे: रूळ कुठून जातात, ती गाडी तुमच्या सहलीतला किती वेळ मागते, आणि तिच्यासाठी वाट किती वाकडी करावी लागते.

सगळ्यात कमी वाकडी वाट सागानोच्या तोरोक्कोची, म्हणजे देखाव्याच्या छोट्या गाडीची. क्योटोत बांबूचं बन बघायला तुम्ही अराशियामाला जाणारच आहात, ती तिथूनच सुटते. 7.3 किलोमीटर, जेमतेम 25 मिनिटं, तिकीट 880 येन. जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) इथे चालत नाही. सानइन लाइनचा नवा मार्ग बोगद्यांतून काढल्यावर 1989 मध्ये होझू नदीकाठचा जुना रूळ रिकामा झाला, आणि 1991 पासून त्याच रुळावर ही गाडी चालते. पाच डबे, आणि पाचव्याला काचाच नाहीत. पावसात अंगावर पाणी येतं, थंडीत कान गार पडतात, तरी मिळत असेल तर तोच घ्या. खाली हिरवं पाणी, त्यात होडीवाले वर बघून हात करतात, आणि होझुक्यो नावाच्या चिमुकल्या स्टेशनवर मातीचे तानुकी (रॅकूनसारखा दिसणारा जपानी प्राणी) रांगेने उभे असतात.

हिच्याबाबत दोनच गोष्टी सांगायच्या. जाऊन-येऊन दोन्ही वेळा हीच गाडी घेऊ नका. कामेओकाहून होडीने परत या (साधारण 16 किलोमीटर, दोन तासांच्या आसपास), किंवा शेवटच्या स्टेशनापासून दहा मिनिटं चालत जेआरचं उमाहोरी गाठा. आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, मेपल लाल झालेले असताना, आयत्या वेळी तिकीट मिळेल या भरवशावर जाऊ नका. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारी संपेपर्यंत गाडी बंदच असते, एरवीही बहुतेक बुधवारी सुट्टी.

पहिलीच जपानवारी असेल, सोबत वयस्कर माणसं असतील, आणि टोकियो-क्योटो-ओसाका सोडून कुठे जायचं नसेल, तर माझं उत्तर सागानो. इतर तिन्ही गाड्यांसाठी सहलीचा आकारच बदलावा लागतो.

युफुइन-नो-मोरी ही चौघींत दिसायला सगळ्यात देखणी. 1989 पासून धावतेय. गर्द हिरवा रंग, सोनेरी पट्ट्या, आत सगळं लाकूड, आणि डब्याची जमीन नेहमीपेक्षा उंच, त्यामुळे खिडकीतून जरा वरून बघितल्यासारखं दिसतं. दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या हाकाताहून युफुइनला सव्वादोन तासांच्या आत-बाहेर. आरक्षण केलेलं असलं की जेआर पासवर वेगळे पैसे नाहीत.

मला ही गाडी आवडली, पण मार्ग पहिल्या अर्ध्यात साधाच आहे. कुरुमेपर्यंत शहर आणि सपाट शेती. हिता मागे पडल्यावर दरी सुरू होते, नदी इकडून तिकडे जाते, जिओन धबधब्यापाशी गाडी हळू होते. बुंगो-मोरीला 1934 मधली पंख्याच्या आकाराची इंजिन-शेड दिसते. तिच्या काचा फुटलेल्या आहेत, आणि तरी किंवा म्हणूनच ती बघत राहावीशी वाटते. शेवटी 1,583 मीटरचा युफु डोंगर खिडकी भरून टाकतो. उतरताच स्टेशनही बघण्यासारखं आहे: काळ्या लाकडाचं, वास्तुकार आराता इसोझाकी यांचं, फलाटावर पाय शेकायला गरम पाण्याचं कुंड असलेलं. पण हिचा खरा उपयोग तुम्ही युफुइनला एक रात्र राहून ओन्सेनमध्ये (गरम पाण्याच्या झऱ्यात) बुडी मारणार असाल तर. सकाळी जाऊन संध्याकाळी हाकाताला परत, असं केलंत तर एवढ्या लांब येण्याचं चीज होत नाही.

मुलं सोबत असतील तर क्यूशूतच दुसरी एक गाडी आहे, कुमामोतो ते बेप्पूची ‘आसो बॉय!’. काळ्या कुत्र्याची चित्रं, लाकडी चेंडूंचा हौद, दोन्ही टोकांना मोठ्या काचांच्या जागा. मी तिने गेलेले नाही, त्यामुळे आतल्या अनुभवाबद्दल बोलणार नाही. पण तिचा मार्ग मी साध्या गाडीने केला आहे. तातेनोला गाडी मागे-पुढे करत झिगझॅगने आसो ज्वालामुखीच्या विवरात चढते. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात 1929 पर्यंत रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथे गाडी अशीच उलटी फिरून चढायची. आजोबांकडून ऐकलेलं ते सगळं मी तातेनोला पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. 2016 च्या कुमामोतो भूकंपात हा मार्ग तुटला होता, तो ऑगस्ट 2020 मध्ये पुन्हा सुरू झाला.

आता उरलेल्या दोघी. खरी निवड मला इथेच करावीशी वाटते.

रिसॉर्ट शिराकामी उत्तरेत, आकिता ते आओमोरी, गोनो लाइनवरून. साध्या एक्स्प्रेसने हे अंतर पावणेतीन तासांत कापता येतं. शिराकामी पाच तास घेते, कारण ती आतून न जाता समुद्राच्या कडेकडेने जाते. डोंगराच्या बाजूला शिराकामी-सांची डोंगररांगेचं बीच वृक्षांचं रान, 1993 मध्ये जागतिक वारसा ठरलेलं. दुसऱ्या बाजूला जपानचा समुद्र, काही ठिकाणी इतका जवळ की लाटेचा फेस रुळाखालच्या खडकावर फुटताना दिसतो. गाडी दोनदा दिशा बदलते, हिगाशी-नोशिरोला आणि हिरोसाकीला, तेव्हा सगळे उठून आपापल्या खुर्च्या फिरवून घेतात. आरक्षण करताना ‘ए’ अक्षराची जागा मागा, ती समुद्राकडची.

सेनजोजिकीला काही फेऱ्या पंधरा मिनिटं थांबतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या भूकंपात समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि खडकाचं सपाट पटांगण तयार झालं. आम्ही उतरलो तेव्हा वारा इतका होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. सगळे खडकावर पसरले, दोन आजोबा पार टोकाला जाऊन नुसते उभे राहिले. मग गाडीने शिट्टी दिली आणि सगळे शाळेतल्या मुलांसारखे पळत परत आले.

त्यानंतर पहिल्या डब्यात दोन कलाकार त्सुगारु शामिसेन हे तंतुवाद्य घेऊन बसले. हे सगळ्या फेऱ्यांत नसतं, आधी बघून घ्या. शामिसेन म्हणजे काहीतरी नाजूक असेल अशी माझी समजूत होती. हातातली रुंद ‘बाची’ तारेबरोबर कातड्यावरही आदळते, आणि आवाज तंतुवाद्य आणि ताशा यांच्या मधला कुठलातरी निघतो. गाडीचा खडखडाट आणि ती लय काही क्षण एक झाली होती. बाहेर तोवर समुद्र संपून सफरचंदाच्या बागा लागल्या होत्या, आणि त्यांच्या मागे इवाकी डोंगर.

इयोनाडा मोनोगातारी शिकोकू बेटावर, मात्सुयामाहून इयो-ओझूला किंवा यावाताहामाला. 2014 मध्ये सुरू झाली, 2022 मध्ये डबे नवे आले. दिवसाला चार फेऱ्या, प्रत्येक दोन-अडीच तासांची. त्यातली शेवटची, यावाताहामाहून मात्सुयामाला परतणारी ‘दोगो’ फेरी सूर्यास्ताच्या सुमाराची. समुद्र इथेही आहे, पण हा सेतो या आतल्या समुद्राच्या बाजूचा, शांत, तेल ओतल्यासारखा. शिमोनादा नावाच्या स्टेशनवर गाडी काही मिनिटं थांबते. एक फलाट, एक छप्पर, एक बाक, पुढे पाणी. फोटो तुम्ही पाहिलाच असेल.

निसर्ग म्हणून तुलना केली तर शिराकामी वरचढ आहे. तरीही माझ्याबरोबर आलेली आई कुठल्या गाडीबद्दल अजून बोलते, तर इयोनाडाच्या. तिथे माणसं हात हलवतात. पहिल्यांदा शेतातल्या एका बाईंनी केला तेव्हा आम्हाला वाटलं, सहज केला असेल. मग अंगणातून, बाल्कनीतून, शाळेच्या कुंपणाआडून. गोरो नावाच्या स्टेशनवर लोक तानुकीचे पोशाख चढवून फलाटावर उभे होते. ओझूला नदीवरच्या पुलावर गाडी अगदी हळू झाली, तेव्हा किल्ल्यावरून कुणीतरी मोठी निशाणं फडकवत होतं. आई आधी लाजत होती. ओझूपर्यंत तिने शाल काढून खिडकीत हलवायला घेतली होती, आणि गाडीतली सेविका तिच्याबरोबर हसत हात करत होती. कुठलीही कंपनी पगार देऊन एवढी गावं रोज उभी करू शकत नाही. गाडी आपल्या गावातून जाते याचं त्या लोकांना वाटणारं अप्रूप दर खेपेला तसंच दिसतं.

सोयीच्या दृष्टीने बघायचं तर शिराकामीला जेआर पास पुरतो आणि जागा साध्या दर्जाच्या आहेत. टोकियोहून शिंकान्सेनने आकिता, मग ही गाडी, आणि शिन-आओमोरीहून शिंकान्सेनने परत, असा गोल नीट बसतो, फक्त मध्ये एक रात्र ठेवा. इयोनाडा पूर्ण ग्रीन (म्हणजे वरच्या) दर्जाची, साध्या पासवर वेगळे पैसे लागतात, आणि ती मुख्यतः शनिवार-रविवारी व सुट्टीलाच धावते. पण क्योटो-ओसाका करून हिरोशिमाकडे निघालेल्यांना ओकायामाहून मात्सुयामा पावणेतीन तासांवर आहे, तेही सेतो पुलावरून. मुक्कामाला दोगो ओन्सेन आहे, 1894 च्या इमारतीचं.

पासचंही सांगते: ऑक्टोबर 2023 पासून सात दिवसांचा देशभराचा पास 29,650 येनवरून 50,000 येन झाला. फक्त एका गाडीसाठी तो घेऊ नका, लांबचे दोन-तीन पल्ले असतील तरच हिशेब जमतो.

जेआरच्या गाड्यांचं आरक्षण बरोबर एक महिना आधी सकाळी दहाला उघडतं, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट काढलेल्यांना वेगळं काही समजावायला नको.

शाकाहारींसाठी जेवणाचा मुद्दा मोठा आहे. इयोनाडासारख्या गाड्यांत सुंदर थाळ्या मिळतात, पण त्या काही दिवस आधी सांगाव्या लागतात, आणि भाजीतही माशाचं ‘दाशी’ असतं. एका गाडीत आम्ही ‘मांस नको’ एवढंच सांगितलं होतं आणि समोर मासे आले. चूक आमचीही होती, तिथे मांस आणि मासे हे दोन वेगळे शब्द आहेत. आम्ही पुढे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली. गाडीत खाल्लं तर कुणी काही म्हणत नाही; उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, आणि कॉफी स्टेशनवर मिळतेच. आणि मोठ्या बॅगा ताक्युबिन या कुरियर सेवेने पुढच्या हॉटेलवर पाठवून द्या, या डब्यांत त्यांना जागा कमी.

सेव्हन स्टार्स, शिकी-शिमा, मिझुकाझे या चालत्या राजवाड्यांबद्दलही विचारणा होते. रात्री गाडीतच मुक्काम, लाखांत किंमत, जागा बहुधा सोडतीने. ठरलेल्या तारखांच्या सहलीत त्या बसवणं अवघड, म्हणून त्यांना या तुलनेत घेतलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला जपानला जाणाऱ्याला मी शिराकामी सांगते, आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याला इयोनाडा. जोडप्याला ओन्सेन हवं असेल तर युफुइन. फक्त शिराकामीसाठी जानेवारी-फेब्रुवारी टाळा: गाड्या कमी असतात, आणि वाऱ्या-लाटांनी मार्ग बंद पडला तर अख्खा दिवस जातो.

इयोनाडाचा शनिवार-रविवार जमत नसेल तरी शिमोनादा सोडू नका. त्याच रुळावरून रोज साधी डिझेल गाडी जाते, बहुतेक वेळा एका डब्याची. मात्सुयामाहून नागाहामाकडे जाताना उजव्या हाताला बसा. उतरण्यापूर्वी परतीची वेळ मात्र लिहून घ्या, कारण एक गाडी चुकली तर पुढचीसाठी दीड-दोन तास त्या बाकावर बसावं लागतं.